भाडेपट्ट्याची मोटार परत करताना

मोटार विकत घेण्याऐवजी दोन-तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्याची पद्धत आता आपल्या परदेशीपुऱ्यातील कुटुंबांनाही अपरिचित राहिलेली नाही. दरमहा ठरलेली रक्कम भरावी, मुदत संपताच गाडी परत करावी आणि अनामत घेऊन घरी यावे, असा हा सरळ व्यवहार. परंतु कित्येकदा अनामतीऐवजी नुकसानीचे बिल हाती पडते. दरवाजावर ओरखडा, बंपरला पोचा, टायर झिजलेले! मुलांच्या फीसाठी ज्या रकमेवर भिस्त ठेवली, तीच कापली जाते. शिवाय दुसऱ्याची वस्तू खराब केल्याचा ठपका येतो तो निराळाच. अशा वेळी काय करावे, हे सभासदांच्या उपयोगासाठी आम्ही थोडक्यात सांगत आहो.

प्रथम कायदा पाहू. दुसऱ्याची वस्तू काही काळ आपल्या ताब्यात घेऊन परत करणे, याला १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात निक्षेप म्हटले आहे. कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी आपण घेतली पाहिजे. तशी घेतली असेल, आणि करारात वेगळे ठरलेले नसेल, तर वस्तू खराब झाल्याची जबाबदारी कलम १५२ प्रमाणे आपल्यावर येत नाही. म्हणून करारपत्र बारकाईने वाचावे. त्यात दंडाची रक्कम आधीच लिहिलेली असली, तरी कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा होय. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते.

दुसरी गोष्ट म्हणजे झीज आणि नुकसान यांतील भेद. तीन वर्षे चाललेल्या गाडीचे टायर झिजणारच. तिला कोणी नवी कोरी मानू नये. ब्रिटनमध्ये भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या संघटनेने वाजवी झीज कशाला म्हणावे, याची पुस्तिकाच काढली आहे. आपल्याकडे बहुतेक भार करारातील शब्दांवर असतो. ते शब्द मोघम असतील तर गाडी घेण्यापूर्वीच खुलासा लेखी मागावा.

तिसरी गोष्ट, जुन्या भागाला नव्याची किंमत का द्यावी? २००२ सालच्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये विम्याच्या दाव्यासाठी रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांची घट ५० टक्के, तर दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांची १५ टक्के धरली आहे. हे दर भाडेपट्ट्याला बंधनकारक नाहीत. पण वाद घालताना आधार म्हणून दाखविता येतात. तसेच गाडीचा विमा असल्यास त्याच नुकसानीचा दावा विमा कंपनीकडून वसूल झाला आहे काय, हेही विचारावे.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी घेताना आणि देताना, दोन्ही वेळा दिवसाच्या उजेडात, चारी बाजूंचे, आतले, टायरचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो तारखेसह काढावेत. परतीची तपासणी आपल्या समक्ष व्हावी आणि तिच्या कागदाची प्रत घ्यावी. पटत नसेल तर सही करताना ‘हरकत राखून’ असे लिहावे. बिल आल्यावर रागाने फोन करीत बसू नये. बाबवार हिशेब, फोटो आणि दुरुस्तीची पावती लेखी मागावी. जेवढे खरोखर आपल्या हातून झाले असेल तेवढे कबूल करावे. बाकीचे कारण देऊन नाकारावे. खरे ते मान्य करणाऱ्याच्या हरकतीला वजन येते.

एवढ्यानेही न भागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. कंपनीची कचेरी मुंबईत असली तरी आपल्याला इंदूर सोडावे लागत नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. करारात लवादाचे कलम असले तरी आयोगाचा मार्ग बंद होत नाही. मात्र गाडी व्यापारी कामासाठी घेतली असेल, तर ग्राहक म्हणून दाद मिळण्यास अडचण येते. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला सूट आहे.

हक्कासाठी दीर्घकाळ झगडणे काय असते, हे गिरणगावातल्या आपल्या लोकांना सांगावयास नको. १९९१ साली बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला. मोटारीच्या वादाला मात्र इतका अवधी नाही. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तेव्हा कागद जपावेत, पत्राला पत्राने उत्तर द्यावे आणि दिरंगाई करू नये, एवढेच आमचे सर्व कुटुंबांस सांगणे आहे.