जहाजबांधणी व सागरी अभियांत्रिकी : व्यवसायाची वाट

कापडगिरणीभोवती वसलेले ग्वाल्हेरचे बिर्लानगर समुद्रापासून दूर आहे. तथापि तेथील विद्यार्थ्यासही जहाजावरील व्यवसायाची वाट मोकळी आहे. नौकारचनाकार जहाजाची बांधणी व समतोल ठरवितो, तर सागरी अभियंता त्याची यंत्रे चालवितो. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठात दोन्ही शाखांचे चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम आहेत. त्यांसाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पुढे समुद्रसेवा व सक्षमता परीक्षा यांच्या बळावर सागरी अभियंता मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत चढतो. दृष्टी व रंगओळख यांची वैद्यकीय कसोटी मात्र कडक असते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच पालकांनी पाल्याची नेत्रतपासणी करून घ्यावी आणि संस्थेस केंद्र शासनाच्या नौवहन खात्याची मान्यता आहे, याची खात्री करून घ्यावी.