पदवीमागचं रुग्णालय

डॉक्टर सकाळी दहाला राउंडवर येतात, फाईल चाळतात आणि म्हणतात, "आज घरी जा." पेशंटची बायको पिशव्या भरायला घेते, मुलगा रिक्षावाल्याला सांगून ठेवतो. प्रत्यक्षात सुटका होते संध्याकाळी पाचला. मधल्या वेळात निवासी डॉक्टरने डिस्चार्ज समरी लिहायची असते, सिस्टरने उरलेली औषधं फार्मसीला परत करायची असतात, लॅब आणि एक्स-रेचे आकडे बिलिंगपर्यंत पोचायचे असतात, टीपीए, म्हणजे विम्याचं काम पाहणाऱ्या, डेस्कने विमा कंपनीकडे अंतिम बिल पाठवून मंजुरीची वाट पाहायची असते. यातलं एकही काम शस्त्रक्रियेइतकं अवघड नाही. पण एक झाल्याशिवाय दुसरं हलत नाही, आणि प्रत्येक टेबलाला वाटतं की उशीर पुढच्या टेबलावर झाला. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांची पहिली परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाला तर रुग्णालयाचा वाढीव आकार विमा कंपनीने सोसायचा. ते तीन तास मात्र रुग्णालयाने कागद पाठवल्यावर मोजायला सुरुवात होते. त्याआधीचे चार तास कोणाचे?

ही जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्याला तयार करणारी पदवी म्हणजे रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी. दंतवैद्यकी केलेली मुलं, बीएएमएस आणि बीएचएमएस झालेले वैद्य, फिजिओथेरपिस्ट, बी.फार्म., परिचारिका आणि आता बी.कॉम. व इंजिनिअरही तिच्याकडे वळतात. काहींना क्लिनिक टाकायला भांडवल नसतं, काहींना उपचारापेक्षा व्यवस्थेत रस असतो, आणि काही (हे मुलाखतीत कोणी सांगत नाही) पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतल्या दुसऱ्या अपयशानंतर येतात. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की बरेचजण अभ्यासक्रम निवडताना संस्थेचं नाव, इमारत आणि 'सर्वोच्च पॅकेज' एवढंच पाहतात. दोन वर्षांत आपण कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे, कोणाच्या हाताखाली उभे राहणार आहोत, हे विचारायचं राहून जातं.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते महाराष्ट्राने 2021 मध्ये पाहिलं. 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी टँकरमधून भरली जात असताना गळती झाली, वॉर्डातला दाब कोसळला आणि किमान 22 रुग्ण दगावले. या दोन्ही ठिकाणी प्रश्न निदानाचा किंवा औषधाचा नव्हता. वीज, प्राणवायू, रात्रपाळीतली माणसं, बाहेर पडायची वाट, देखभालीची नोंदवही, हे सगळं प्रशासनाचं खातं. अग्निसुरक्षेवरची पन्नास पानं पाठ असलेला विद्यार्थी आणि एका खऱ्या इमारतीत रात्री दोन वाजता फायर ड्रिल पाहिलेला विद्यार्थी यांच्यात जो फरक पडतो, तो गुणपत्रिकेवर उमटत नाही.

पदव्यांच्या नावांचं जंगल दाट आहे. एमएचए, एमबीए हॉस्पिटल अँड हेल्थकेअर मॅनेजमेंट, पीजीडीएम हेल्थकेअर, एमपीएच, एमडी हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन: नावं जवळची, वाटा वेगळ्या. शेवटची वाट फक्त एमबीबीएस झालेल्यांची. तिच्यासाठी नीट-पीजी लागते, एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी; अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दिल्लीच्या एम्समध्ये या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण 1960 च्या दशकात सुरू झालं, आणि पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातही सेनादलांच्या डॉक्टरांना ते मिळतं. एमपीएचचा रोख रुग्णालयाच्या भिंतींबाहेर असतो: साथी, लसीकरण, आरोग्य योजना, लोकसंख्येचे आकडे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेलं गावपातळीवरचं काम ज्याला खुणावतं, त्याने एमबीएच्या रांगेत उभं राहून दोन वर्षं कुढू नये. आणि ज्याला खाटा, बिलं, ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक आणि खरेदी यांत मजा वाटते, त्याने केवळ 'पब्लिक हेल्थ' कानाला भारदस्त लागतं म्हणून तिकडे जाऊ नये.

नावात आणखी एक फसगत दडलेली असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएच्या 2019 च्या आराखड्यात 'फार्मा अँड हेल्थकेअर मॅनेजमेंट' हा विषय होता, पण मुख्य नव्हे, जोडीचा. म्हणजे मार्केटिंग किंवा फायनान्ससोबत त्याचे काही पेपर. तेवढंच हवं असेल तर उत्तम. मात्र महाविद्यालयाच्या जाहिरातीत 'हेल्थकेअर एमबीए' असं ठळक अक्षरांत दिसलं, तर चार सत्रांतले किती पेपर खरोखर रुग्णालयाचे आहेत, हे अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून मोजायला पाच मिनिटं लागतात.

आता ठिकाणांकडे. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस', आहे. 1936 मध्ये समाजकार्य शिकवण्यासाठी स्थापन झालेल्या या संस्थेचा एमएचए देशातल्या नावाजलेल्या अभ्यासक्रमांपैकी. तिच्या आवारात रुग्णालय नाही, पण मुंबई आहे: पालिकेची, धर्मादाय न्यासांची, कॉर्पोरेट, सगळ्या जातींची रुग्णालयं लोकलच्या पासावर. समाजशास्त्राचा वारसा असल्यामुळे इथे 'रुग्णालय कोणासाठी' हा प्रश्नही शिकवण्यात येतो, आणि तो पुढे नोकरीत उपयोगी पडतो, निदान अस्वस्थ तरी करतो. पुण्यात सिम्बायोसिसची आरोग्यविज्ञान संस्था एमबीए चालवते. प्रवेश 'स्नॅप' या विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेतून, आणि लवळ्याला विद्यापीठाचंच रुग्णालय उभं आहे. गोव्यात साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट. 1993 मध्ये सुरू झालेली ही संस्था आधी रायबंदरच्या एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत होती, आणि पुढे तिनेच हेल्थकेअर व्यवस्थापनाचा स्वतंत्र पीजीडीएम काढला, हा योगायोग गोड आहे. ही मुळात व्यवस्थापन संस्था. आकडेवारी, वित्त, धोरण यांवर भर असतो आणि वर्गातले विद्यार्थी कन्सल्टिंग, विमा, आरोग्य-तंत्रज्ञान कंपन्यांकडेही पाहतात. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर 1984 पासून याच विषयात असलेली जयपूरची आयआयएचएमआर आहेच.

यांतली 'सर्वात चांगली' कोणती, असं विचारण्यात अर्थ नाही. वॉर्डात वाढायचं असेल तर रुग्णालय जवळ हवं. बोर्डरूममध्ये बसायचं असेल तर वित्त पक्कं हवं. दोन्ही हवं असणाऱ्याने इंटर्नशिप कुठे मिळते ते आधी पाहावं, कारण वर्गात न मिळालेली बाजू तिथेच भरून निघते.

प्रवेश परीक्षांबाबत एक सावधगिरी. मागच्या वर्षी गेलेल्या ताईने किंवा दादाने सांगितलेली माहिती या वर्षी खरी असेलच असं नाही. टिसची स्वतःची 'टिसनेट' परीक्षा वर्षानुवर्षं होती. 2023 पासून संस्था राष्ट्रीय पातळीवरच्या सीयूईटी-पीजीकडे वळली, आणि नंतर काही अभ्यासक्रमांसाठी कॅटचे गुण पाहिले जाऊ लागले. त्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका हेच एकमेव प्रमाण. महाराष्ट्रातल्या एमबीए महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, खासगी व्यवस्थापन संस्थांसाठी कॅट, झॅट, सीमॅट, असा सगळा मेळ घालताना अर्जांच्या तारखा साधारण ऑगस्टपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पसरतात.

संस्थेचा दावा तपासायला सरकारी कागद बरेच आहेत, फक्त ते वाचायची सवय नाही. पीजीडीएमला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि मंजूर जागांची संख्या तपासता येते. राष्ट्रीय क्रमवारीसाठी म्हणजे एनआयआरएफसाठी संस्थांनी भरलेली माहिती संकेतस्थळांवर उघडी असते: किती जण दाखल झाले, किती ठरलेल्या वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती. 'सर्वोच्च पॅकेज' एका मुलाचं असतं. मध्यक रांगेच्या मधल्या मुलाचा. इथेही एक खोच आहे. ही आकडेवारी दोन वर्षांच्या सगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची एकत्र असते, म्हणून फायनान्सवाल्यांच्या पगाराने हेल्थकेअरवाल्यांचा आकडा फुगलेला दिसू शकतो. शाखेचा वेगळा आकडा संस्थेकडे लेखी मागावा. देत नसतील, तर तेही उत्तरच.

अर्जातलं उद्देशपत्र ही बहुतेकांची दुखती रग. 'लहानपणापासून मला रुग्णांची सेवा करायची होती' हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की ते डोळ्यांना दिसतही नाही. त्यापेक्षा एखाद्या दंतवैद्याने आपल्या इंटर्नशिपमध्ये निर्जंतुकीकरणाच्या ट्रे वेळेवर येत नसत म्हणून रोज किती पेशंट परत जात, आणि ते का होत होतं, हे अर्ध्या पानात लिहिलं, तर मुलाखतीचा निम्मा वेळ त्यावरच जातो, आणि तो बोलणाऱ्याच्या हक्काचा असतो. बी.कॉम. झालेल्याकडे असा अनुभव नसेल, तर अर्जापूर्वी महिनाभर जवळच्या एखाद्या रुग्णालयाच्या बिलिंग विभागात बसावं. तालुक्याच्या ठिकाणची पन्नास खाटांची रुग्णालयं अशा मदतनीसाला सहसा नाही म्हणत नाहीत.

मुलाखतीला जाताना तीन गोष्टी ठाऊक हव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि तिच्यातला रुग्णालयाच्या दारातला 'आरोग्यमित्र'. 2018 ची आयुष्मान भारत योजना आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं तिचं संरक्षण. आणि एनएबीएच ही रुग्णालयांची गुणवत्ता मोजणारी व्यवस्था. चौथी गोष्ट हौसेची: मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. जी. वेंकटस्वामींनी 1976 मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. एका ऑपरेशन थिएटरमध्ये शेजारी-शेजारी टेबलं, एका डोळ्याची शस्त्रक्रिया संपताना पुढचा रुग्ण तयार, बारीकसारीक कामं प्रशिक्षित मुलींकडे, म्हणून सर्जनचा वेळ वाया जात नाही, म्हणून खर्च खाली, म्हणून मोठ्या संख्येने रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार. प्रशासन म्हणजे नुसती फाइलींची हलवाहलव, असं वाटणाऱ्याला हे एक उदाहरण पुरतं.

पैशाचं गणित कोरडं असलं तरी आधी मांडावं. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या पात्र विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना मिळू शकतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की तो दरवाजा बंद. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्त्याचा हिशेब मात्र जाहिरातीतल्या पगारावर नव्हे, त्या मधल्या मुलाच्या पगारावर करावा. सुरुवातीची नोकरी बहुधा फ्लोअर मॅनेजर, क्वालिटी एक्झिक्युटिव्ह किंवा रात्रपाळीचा ड्युटी मॅनेजर अशी असते.

सरकारी क्षेत्राची स्वप्नं पाहणाऱ्याने एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक, अधिष्ठाता या खुर्च्या डॉक्टरांच्या आहेत आणि नजीकच्या काळात तशाच राहतील. बिगर-डॉक्टर प्रशासकाला राष्ट्रीय आरोग्य अभियानात कार्यक्रम व्यवस्थापक किंवा रुग्णालय व्यवस्थापक अशी कंत्राटी पदं मिळतात. काम भरपूर, अनुभव अमूल्य, नोकरीची शाश्वती नाही.

परदेशी जाणाऱ्यांपैकी अनेकांची नजर अमेरिकेवर असते, कारण हा विषय तिथे 1934 मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झाला आणि आज त्याला स्वतःची मान्यता देणारी संस्थाही आहे: केमी. तिची मान्यता असलेले कार्यक्रम निवडले तर अभ्यासक्रमाच्या दर्जाची किमान हमी मिळते. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज एकाच सामायिक यंत्रणेतून जातात आणि अनेक ठिकाणी जीआरई आता ऐच्छिक आहे. तिथली खरी अडचण पदवीनंतरची. तिथले होतकरू विद्यार्थी पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं एखाद्या रुग्णालयसमूहात फेलो म्हणून काम करतात, आणि त्यासाठीचे अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, शरद ऋतूत, भरावे लागतात. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची मुभा साधारण बारा महिन्यांची. ती वाढते फक्त पदवी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक यादीत बसत असेल तर. म्हणून प्रवेशपत्र हातात आल्यावर, पैसे भरण्याआधी, विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ई-मेल करावा: तुमची पदवी त्या यादीत आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत किती आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळाली.