मोला : तळ्यातील लहान मासा

भात आणि मासा हा बांगलादेशातील आहाराचा पाया होय. तेथील खेड्यांत पुष्कळ घरांच्या शेजारी लहानसे तळे असते. पावसाळ्यात अशा तळ्यांत आणि भाताच्या शेतांत बोटाएवढे मासे आपोआप वाढतात. ‘मोला’ हा त्यांपैकीच एक.

शास्त्रीय मत्स्यसंवर्धनाचा प्रसार झाला, तेव्हा मात्र या माशावर संकट आले. रोहू, कटला व मृगळ हे मोठे मासे बाजारात चांगला भाव देतात. त्यांच्या अन्नात वाटेकरी नको म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यात विष घालून लहान मासे मारण्याची रीत पडली. जणू ते पिकातील तणच!

पोषणशास्त्रज्ञ शकुंतला थिल्स्टेड यांनी या समजुतीस धक्का दिला. त्यांचा जन्म त्रिनिदादमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला. 1980 नंतरच्या दशकात त्या बांगलादेशात कुपोषणावर काम करीत असता, लहान मासे खाल्ल्याने डोळे चांगले राहतात असे तेथील स्त्रिया सांगत. प्रयोगशाळेतील तपासणीत या म्हणण्यास आधार सापडला. 100 ग्रॅम मोलामध्ये ‘अ’ जीवनसत्त्व सुमारे 2,500 मायक्रोग्रॅम असते. रोहूच्या मांसात ते अत्यल्प. मोलातील हे जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत व आतड्यांत साठलेले असते. म्हणून डोके कापून टाकले, तर लाभही टाकला जातो. काट्यांसह खाल्लेल्या लहान माशांतील कॅल्शियम तर दुधातील कॅल्शियमइतकेच शरीरात शोषले जाते.

तथापि मोला हे औषध नव्हे. त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा बराचसा अंश कमी प्रभावी अशा प्रकारचा आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, मुलांवरील एका चाचणीत रक्तातील या जीवनसत्त्वाची पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. मोलाचे महत्त्व रोजच्या आहारातील एक पौष्टिक घटक म्हणूनच मानावयास हवे.

मोठ्या माशांबरोबर मोला वाढविल्याने त्यांचे उत्पादन फारसे घटत नाही, हेही प्रयोगांनी दाखविले. मोला तळ्यातच प्रजनन करतो. त्याचे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. बारीक आसांच्या जाळ्याने घरातील स्त्री हवे तेव्हा मूठभर मासे काढू शकते. मोठे मासे बाजारात जातात, लहान मासे घरच्या हंडीत शिजतात.

यात न्यायाचाही एक प्रश्न आहे. मोठ्या माशाचे तुकडे होतात आणि चांगला तुकडा बहुधा कर्त्या पुरुषाच्या ताटात पडतो. लहान माशांचे कालवण मात्र डावाने सर्वांना वाढता येते. आई व मूल यांनाही त्याचा वाटा मिळतो.

या कार्याबद्दल थिल्स्टेड यांना 2021 साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. भारतात ओडिशा व आसाम या राज्यांतही मोलाच्या संवर्धनाचे प्रयत्न झाले आहेत. तळ्याचे उत्पन्न केवळ वजनाने मोजणे पुरेसे नाही. ते कोणाच्या ताटात पोहोचते, हेही पाहावयास हवे.