दोन वाटा, तीन खुणा आणि मांजरांहून मोठे उंदीर

चौकटीची वही, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि चार मित्र. एवढ्या भांडवलावर अख्खं भुयार उभं राहतं. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो, नकाशा स्वतःपाशी दडवतो आणि तोंडी सांगत जातो: समोर दगडी दार, दारावर तीन मुखवटे, मधल्याचं तोंड उघडं. बोला, काय करता? बाकीचे डोकं खाजवतात, भांडतात आणि हमखास चुकीच्या तोंडात हात घालतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांच्या घराण्याचा मूळपुरुष. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो अमेरिकेत काढला. पहिली छपाई फक्त हजार प्रतींची, तीही हातानं खोक्यांत भरलेली. त्यातली भुयारं युरोपातल्या किल्ल्यांच्या धर्तीवर काढलेली असतात. तेलंगणातल्या मंचेरियलच्या पोरांनी मात्र त्यासाठी युरोपात जायचं काही कारण नाही.

चौकटीची वही, जमिनीखाली

बल्लारशाहून काझीपेटकडे निघालात की बेल्लमपल्ली, मंदामर्री, रवींद्रखनी आणि मग मंचेरियल. हा सगळा सिंगरेणीचा कोळसापट्टा. इथल्या जुन्या भूमिगत खाणींमध्ये ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धतीनं कोळसा काढला गेला. म्हणजे आडव्या-उभ्या गल्ल्या खणायच्या आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवायचे. अशा खाणीचा नकाशा पाहिला तर डंजन मास्टरच्या वहीतलं पान वाटेल. गल्लीची रुंदी ४.८ मीटरच्या आत हवी, असा भारतातला नियम. खेळातला नेहमीचा बोळ दहा फुटांचा, म्हणजे तीन मीटरचा. आपली खाण त्याहून ऐसपैस!

पुढची गंमत भारी आहे. गल्ल्या संपल्या की दुसऱ्या फेरीत ते खांबही काढतात. आतून बाहेरच्या दिशेनं एकेक खांब काढत मागे यायचं आणि छत पाठीमागे कोसळू द्यायचं. ‘परतीचा रस्ता मिनिटामिनिटाला बंद होतोय’ हा कोड्यांच्या भुयारातला हुकमी प्रसंग. खाणकामगाराच्या लेखी ती पाळीची ड्यूटी.

हवेची दारं तर आयतं कोडं. ताजी हवा ठरलेल्या वाटेनंच फिरावी म्हणून जा-ये करायच्या जागी दोन दारं एकापाठोपाठ बसवतात. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खेळाडूंना हे न सांगता दोन दारांमध्ये उभं करा आणि पुढचा अर्धा तास निवांत चहा प्या. खूण द्यायचीच असेल तर हवेचीच द्या: दिव्याची ज्योत कुठे झुकते ते सांगा. वारा तोंडावर येईल त्या बाजूला ताजी हवा आत यायची वाट.

एकच वाट असेल तर ते भुयार नव्हे, रांग

नवशिक्या डंजन मास्टरची सवय: खोली, बोळ, खोली, बोळ. खेळाडू मुकाट पुढे सरकतात, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. जेनेल जाक्वेज या रचनाकाराच्या १९७९ सालच्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’मध्ये मात्र आत शिरायच्या अनेक वाटा, गोल फिरून पुन्हा भेटणारे बोळ आणि एका मजल्यावरून थेट तिसऱ्यावर उतरवणारे जिने आहेत. भुयार आखणारे आजही त्या पद्धतीची नक्कल करतात. खाणीचा कायदा तर आधीपासून तेच सांगतो: भूमिगत खाणीला बाहेर पडायचे किमान दोन मार्ग हवेतच.

दोन वाटांवरून पन्हाळ्याची अंधारबाव आठवते. बाहेरून पाहाल तर साधी दगडी इमारत. आत तीन मजले, तळाला विहीर आणि मधल्या मजल्यावरून थेट किल्ल्याबाहेर काढणारी चोरवाट. पाणी, पहारा आणि पळवाट एकाच वास्तूत.

चॅम्पियन सापळा

आता जरा क्रूर प्रकार. गायगॅक्सनं १९७५ च्या एका स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ लिहिलं. १९७८ मध्ये ते छापून आलं. फुशारकी मारणाऱ्या कसलेल्या खेळाडूंची जिरवायला केलेलं भुयार. सुरुवातीच्याच बोळाच्या टोकाला भिंतीवर हिरवा राक्षसी चेहरा, तोंड आ वासलेलं, आत मिट्ट काळोख. वाट समजून जो आत शिरला तो संपला. फासा नाही, अपील नाही. माझ्या मते हे कोडं नव्हेच, ही फसगत. खेळाडूला मरताना ‘अरे, हे कळायला हवं होतं’ असं वाटलं तर कोडं जमलं. ‘हे कळणारच कसं?’ असं वाटलं तर डंजन मास्टरनं पुढच्या वेळी भजी स्वतःच्या खिशातून आणावीत.

जाता जाता: याच खेळात ‘जिलेटिनस क्यूब’ नावाचा एक पारदर्शक, थुलथुलीत राक्षस आहे. तो बरोब्बर दहा फुटांचा घन, कारण बोळ दहा फुटांचे! आणि ‘रस्ट मॉन्स्टर’, ‘आउलबेअर’ ही जनावरं हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांवरून सुचली.

देवगिरी: हिरव्या चेहऱ्याचा पणजोबा

आ वासलेला काळोख पाहायचा तर देवगिरी गाठा. यादव राजा पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. डोंगराचा कडा तासून उभा केलेला, भोवती खडकात खणलेला खंदक. दरवाजे काटकोनात वळलेले, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये; तरी आलाच तर दारावर अणकुचीदार खिळे.

मग येते ती अंधारी. खडकातून वर चढणारा काळाकुट्ट भुयारी जिना. वाट फुटते, वळते, पायऱ्यांचा अंदाज लागत नाही. मधेच एका झरोक्यातून उजेड दिसतो. शत्रू तिकडे धावला की थेट खंदकात, असं वाटाडे रंगवून सांगतात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर विस्तव पेटवला की खालचा बोळ धुरानं भरणार. कोड्याच्या दृष्टीनं यातला झरोका मला सर्वांत आवडतो. अंधारात माणूस उजेडाकडेच धावणार, या एका सवयीवर सापळा रचलाय. यंत्र नाही, मंत्र नाही.

आणि एवढं करून १२९६ मध्ये काय झालं? अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, सैन्य बाहेरगावी, राजा रामचंद्र गडावर कोंडला गेला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की घाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं! राजा लढून नाही, पोटापायी नमला. भुयार आखणाऱ्यांनो, आत राहणारे राक्षस जेवतात काय, हेही वहीत लिहून ठेवा.

तीनाचा नियम

जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकी लेखकाचा एक नियम डंजन मास्टर मंडळींत फार चालतो: खेळाडूंनी एखादा निष्कर्ष काढावा असं वाटत असेल तर त्यासाठी किमान तीन खुणा पेरा. एक नजरेतून सुटते, दुसरीचा भलताच अर्थ लागतो, तिसरी कामी येते. देवगिरीचा झरोका खेळात आणायचा आहे? मग जिन्यावर कुणाची तरी सुटलेली वहाण टाका, झरोक्याच्या कडेला ओरखडे दाखवा आणि खालून पाण्याचा आवाज येऊ द्या. एवढं करूनही कुणी उडी मारली तर पाप तुमच्या माथी नाही.

खऱ्या गुहेतून संगणकात

विल क्राउदर हा प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांचे नकाशे काढायचा आणि फावल्या वेळात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचा. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्यानं आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर शब्दांचा एक खेळ लिहिला, ‘अ‍ॅडव्हेंचर’. संगणकावरच्या साहसखेळांची सगळी वंशावळ तिथून सुरू होते. खऱ्या जागेवरून असा खेळ आपल्यालाही बेतता येईल: मंचेरियलजवळ बोक्कलगुट्ट्याच्या जंगलात गांधारी किल्ला आहे. माघात तिथे नायकपोड आदिवासींची मैसम्मेची जत्रा भरते. वही घेऊन कुणीतरी जा तिथे. बंद पडलेल्या खाणीत मात्र कुणीही शिरू नका.

आणि शेवटी उंदीर

पहिल्या पायरीच्या खेळाडूंपुढे डंजन मास्टर बहुधा राक्षसी उंदीर सोडतो. पोरं नाक मुरडतात: ‘उंदीर? बस्स?’ त्यांना इब्न बतूता वाचायला द्या. चौदाव्या शतकात तो दौलताबादेत, म्हणजे याच देवगिरीवर, आला तेव्हा गडावरच्या कैद्यांच्या कोठडीतले उंदीर मांजरांहून मोठे असल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. मांजरंच त्यांना पाहून पळत. मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदारानं ती कोठडी भोगली होती. रात्रभर तो उंदरांशी झुंजायचा. त्याची सुटका कुठल्याही कोड्यानं झाली नाही. शेजारच्या कोठडीतला आजारी कैदी उंदरांनी खाल्ला, ते सुलतानाच्या कानावर गेलं आणि खत्ताबचंही तसंच होईल म्हणून त्याला बाहेर काढण्याचा हुकूम सुटला.