ऑबर्न अव्हेन्यूवरची शिक्षिका

मार्टिन ल्यूथर किंग माहीत नाहीत असा वाचक आपल्याकडे विरळाच. १९५९ साली ते मुंबईत आले, तेव्हा गांधीजींची आठवण म्हणून मणिभवनात मुक्कामाला राहिले, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हा मुलगा ज्या घरात घडला तिथल्या शिक्षिकेचं नाव विचारलं, तर पंचाईत होते. ती त्याची आई, तिचं नाव अल्बर्टा.

अल्बर्टा विल्यम्स ही पाळकाची मुलगी. तिचे वडील १८९४ पासून अटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते. १९२४ मध्ये तिनं हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमधून शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळवलं आणि ती शिकवू लागली. मात्र विवाहित बाईला शाळेत ठेवायचं नाही, असा अटलांटात तेव्हा नियम होता. २५ नोव्हेंबर १९२६ ला मायकेल किंग यांच्याशी तिचं लग्न झालं आणि नोकरी संपली.

नवरदेव स्टॉकब्रिजच्या कुळाचे पोर. शहरात आले तेव्हा शिक्षण जेमतेम, म्हणून विशीत आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात बसून शिकले. त्यांनी शिकत राहावं यासाठी अल्बर्टाचा आग्रह असे. १९३० मध्ये त्यांनी मोअरहाऊस कॉलेजची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी सासरे वारले आणि चर्चची गादी त्यांच्याकडे आली. १९३४ च्या जर्मनी दौऱ्यानंतर त्यांनी स्वतःचं आणि मुलाचं नाव बदलून मार्टिन ल्यूथर केलं.

ऑबर्न अव्हेन्यूवरचं ५०१ नंबरचं घर तिच्या माहेरचं, आणि मुलं तिथंच जन्मली. मुलगी क्रिस्टीन हिनं पुढे ‘माय ब्रदर मार्टिन’ या पुस्तकात त्या घरातल्या खोड्या सांगितल्या आहेत. आजीचं केसाळ फर काठीला बांधून कुंपणाआडून रस्त्यावर सरकवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची घाबरगुंडी उडवायची! वडील कडक, प्रसंगी पट्टाही काढत. अल्बर्टा शांत, आणि चर्चचा ऑर्गन तिच्या हाती.

सहा वर्षांच्या मार्टिनचा गोरा सवंगडी एक दिवस खेळायला यायचा बंद झाला, कारण त्याच्या आईवडिलांनी मनाई केली होती. मार्टिननं घरी विचारलं तेव्हा अल्बर्टानं त्याला गुलामगिरी, यादवी युद्ध, वेगळ्या शाळा आणि वेगळे दरवाजे हा सगळा इतिहास समजावला. तू कुणापेक्षाही कमी नाहीस, हेही बजावलं. वर्गातून काढलेल्या शिक्षिकेचा हाच मोठा धडा, असं मला वाटतं. नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात त्याला मिळते त्याहून मोठी जागा द्यायला हवी.

वडिलांचा धडा वेगळ्या जातीचा. चपलांच्या दुकानात मागे बसायला सांगितलं, की ते मुलाचा हात धरून तडक बाहेर पडत. पोलिसानं ‘बॉय’ म्हटलं, तर शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवून ‘बॉय हा, मी पुरुष आहे’ असं सुनावत. १९३० च्या दशकात काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून ते अटलांटात झगडले. ज्याच्या बायकोची शिक्षिकेची नोकरी लग्नापायी गेली होती, त्यानं हे काम अंगावर घ्यावं, यात नवल काय!

नातवंडांना ती ‘बिग मामा’. १९६८ मध्ये मार्टिन गेले, १९६९ मध्ये धाकटा मुलगा ए. डी. पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. ३० जून १९७४ च्या रविवारी ती एबेनेझरमध्ये ऑर्गनवर बसलेली असताना एका तरुणानं तिला गोळ्या घातल्या. नवरा पाळकपदावर १९७५ पर्यंत राहिला, १९८० मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि १९८४ मध्ये तो वारला. मारेकऱ्याला फाशी सुनावली गेली होती, पण किंग कुटुंबाचा फाशीला विरोध होता आणि १९९५ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली.