मिसरीची डबी आणि दातांचा ब्रश

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनला औद्योगिक वसाहत आली. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मिसरीची डबी काही गेली नाही. "मिसरी लावली की दाढ ठणकत नाही," असे मायबहिणी म्हणतात. कळ घटकाभर जाणवत नसेल, पण कीड आत वाढतच असते. मिसरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. तिने तोंडाचा कर्करोग होतो. गरोदरपणी लावली तर बाळाचे वजन कमी भरते.

मग दात घासावेत कसे? मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घ्या. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून, हलक्या हाताने दोन मिनिटे फिरवा. दाढांची आतली बाजू विसरू नका. पेस्ट थुंका, पण लगेच चूळ भरू नका. सकाळी चुकले तरी रात्री निजताना चुकवू नका. फटीत अडकलेला भाकरीचा कण ब्रशने निघत नाही. तिथे दातांसाठी मिळणारा दोरा दाताला बिलगून अलगद वरखाली करावा. पहिले काही दिवस हिरडीतून थोडे रक्त येईल. दोन आठवड्यांनीही थांबले नाही, तर दंतवैद्याला दाखवा.

मिसरी एका दिवसात सुटत नाही, हे खरे. त्यासाठी १८०० ११ २३५६ या मोफत दूरध्वनीवर सल्ला मिळतो. सुरुवात मात्र आज रात्रीच्या ब्रशापासून करा.