खडीचा जिल्हा आणि स्पोर्ट्‌स कारचा रंग

नवी स्पोर्ट्‌स कार ठरवली, पैसे भरले, की विक्रेता आणखी एक कागद पुढे करतो. पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजेच पीपीएफ. आकडा बहुतेक वेळा लाखाच्या पुढे असतो. गाडी मिळण्याच्या आनंदात कुणी लगेच ‘करून टाका’ म्हणतो, तर कुणी ‘प्लॅस्टिकला एवढे पैसे?’ म्हणून कागद परत करतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, बोलण्यात अजून जे नगरच आहे तिथे, गाडी चालवणाऱ्याने हा निर्णय सावकाश घ्यावा. मुंबईत समुद्राकाठी फिरणाऱ्या गाडीला लागणारं गणित इथे लागू होत नाही.

ही फिल्म म्हणजे टीपीयू नावाच्या लवचिक पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. हा आकडा किती मोठा आहे ते गाडीच्या रंगाकडे पाहिल्यावर कळतं. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि शेवटी चकाकी देणारा क्लिअर कोट. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०च्या आसपास असतो. म्हणजे फिल्म एकटीच अख्ख्या रंगाइतकी किंवा त्याहून जाड असते. खाली दाबाने चिकटणारा गोंद, मधे टीपीयू आणि वर एक अतिशय पातळ लेप अशी तिची रचना असते. धुताना फडक्याने पडलेले बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा कोमट पाण्याच्या उबेने भरून येतात, ते या वरच्या लेपामुळे. किल्लीने ओढलेली खोल रेघ मात्र भरून येत नाही.

या फिल्मचा उगम लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची कड धुळीने आणि वाळूने झिजायची, म्हणून तिच्यावर पॉलियुरेथेनची पट्टी चिकटवू लागले. पुढे तीच कल्पना शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि नंतर रस्त्यावरच्या गाड्यांवर. वेगाने येणाऱ्या कणाचा मार सोसणं हे तिचं मूळ काम, आणि आजही ती खरी कामाला येते ती तिथेच. खडा आदळला की फिल्म ताणली जाते, धक्का आजूबाजूला पसरतो आणि रंगाचा टवका उडत नाही. पोच येण्याइतका मार बसला तर पोच येणारच. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार आपटलं, मागून दुचाकी धडकली, तर फिल्म पत्र्याला वाचवू शकत नाही.

सिरॅमिक कोटिंगशी या फिल्मची गल्लत इथेच होते. तो लेप फार तर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी घरंगळतं, चकाकी टिकते, गाडी धुणं सोपं होतं. खड्यापुढे मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. ‘सिरॅमिक केलंय, आता खड्यांची काळजी नको’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

म्हणून पहिला प्रश्न फिल्मचा नाही, खड्याचा आहे. आपली गाडी किती खडे खाणार?

नगर जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर वसलेला आहे आणि इथले क्रशर याच दगडाची खडी करतात. फोडलेला बेसॉल्ट टणक असतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. नगर–मनमाड रस्त्याची दुरवस्था या भागात कुणाला सांगायला नको. खड्डा बुजवला की वर टाकलेली बारीक कच डांबरात नीट बसायच्या आतच वाहतूक सुरू होते, आणि पुढच्या ट्रकची चाकं ती मागे फेकत जातात. नगर–पुणे रस्ता बरा आहे, पण सुपे आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे त्यावर अवजड वाहनांची रांग असते, आणि डंपरमधून सांडलेली वाळू-खडी कडेला साचलेली असते. कल्याणकडे जायला माळशेज घाट धरला तर पावसाळ्यात दरडीचे बारीक तुकडे रस्त्यावर असतातच.

त्यात उसाचा हंगाम. दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू झालं की प्रवरानगर, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा या सगळ्या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या खाचांत काळी माती आणि तिच्यातले खडे रुतून बसलेले असतात. डांबरावर आल्यावर दोन-तीनशे मीटरमध्ये ते सुटतात. साखर कारखान्यांच्या आसपास जळालेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळीही गाडीवर बसते. सकाळी ती कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा उमटतात. काळ्या गाडीवर त्या दुरूनही दिसतात.

समृद्धी महामार्गाचा विचार वेगळा करायला हवा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. तो कोपरगाव तालुक्यातून जातो. तिथे मोकळी खडी कमी, पण मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी ६०ला आदळणारा खडा १२०ला चौपट जोराने आदळतो. शिवाय रात्री बंपरवर किड्यांचा थर बसतो. तो दोन-तीन उन्हं तसाच राहिला तर क्लिअर कोटवर डाग धरतो. फिल्म असेल तर तो डाग फिल्मवर पडतो आणि फिल्म बदलता येते.

हे सगळं साध्या हॅचबॅकलाही लागू आहे. मग स्पोर्ट्‌स कारचं वेगळं काय? तिची बांधणी. ती जमिनीला टेकलेली असते, त्यामुळे पुढच्या वाहनाच्या चाकाने फेकलेला खडा थेट बंपरवर आणि बॉनेटच्या कडेवर येतो. तिचे टायर रुंद आणि मऊ रबराचे असतात. ते तापले की रस्त्यावरची कच उचलून धरतात आणि फेकतात. आणि बहुतेक स्पोर्ट्‌स कारचे मागचे फेंडर कमरेपाशी फुगलेले असतात, म्हणजे स्वतःच्याच पुढच्या चाकांनी उडवलेले खडे तिच्याच मागच्या फुगीर भागावर जाऊन आदळतात. पुढून नवी दिसणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकापुढचा भाग पाहा. अनेकदा तो सोललेला सापडेल. शोरूमचे लोक बॉनेट आणि बंपर आवर्जून सांगतात, पण हा भाग आणि दाराखालची पट्टी बरेचदा राहून जाते.

टवका उडाला तर काय होतं? कोकणात उघडा पडलेला लोखंडी पत्रा लवकर गंजतो. नगरच्या कोरड्या हवेत गंजाची घाई नसते, आणि स्पोर्ट्‌स कारचे बंपर प्लॅस्टिकचे, बॉनेट बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं. म्हणून इथे फिल्मच्या बाजूने गंजाचा मुद्दा फार वजनदार नाही. खरा मुद्दा पुन्हा रंगवण्याचा आहे. कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांना भाजला जातो. त्या वेळी गाडीत वायरिंग नसतं, सीट नसते. वर्कशॉपमध्ये पूर्ण गाडीला एवढी उष्णता देता येत नाही, तिथे काम ६० ते ८० अंशांवर होतं. कारागीर कितीही निष्णात असला तरी मूळ रंगाचा कस परत येत नाही, आणि मोत्यासारखी झाक असलेले किंवा अनेक थरांचे लाल-निळे रंग जुळवताना शेजारचा भागही रंगवावा लागतो. पुढे गाडी विकायला काढली की घेणारा जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो आणि ‘कंपनी पेंट’ नसलेल्या प्रत्येक भागाचे पैसे कापतो.

आता पैशाचं. पीपीएफचा खर्च गाडीच्या किमतीवर नाही, पृष्ठभागावर आणि वळणांवर ठरतो. चांगल्या टीपीयू फिल्मने पूर्ण गाडी मढवायला आज साधारण सव्वा ते अडीच लाख लागतात, पुढच्या भागापुरती केली तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. चाळीस लाखांच्या गाडीला हा खर्च जाणवतो. दीड कोटीच्या गाडीत तो किमतीच्या दीड-दोन टक्क्यांच्या आत राहतो, आणि तिथे एक बॉनेट आणि बंपर नीट रंगवून घेण्याचाच खर्च पुढच्या भागाच्या फिल्मच्या जवळ जातो.

निर्णयासाठी एक साधी परीक्षा मी सुचवतो. आज तुम्ही जी गाडी रोज वापरता, ती सकाळच्या कोवळ्या उन्हात उभी करा आणि बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी, मागच्या चाकापुढचा भाग तिरक्या नजरेने पाहा. तळहाताएवढ्या जागेत तीन-चार टवके असतील, तर तुमच्या रस्त्यांवर नव्या गाडीचंही तेच होणार. मग फिल्मचे पैसे कारणी लागतात. कड जवळपास स्वच्छ असेल, गाडी रविवारी सकाळी सावेडीतून निघून तासाभरात गॅरेजमध्ये परतणार असेल, तर फिल्म लावू नका. ते पैसे चांगल्या टायरवर खर्च करा.

माझं मत स्पष्ट आहे. महिन्यातून दोन-चारदा तरी पुणे, शिर्डी किंवा समृद्धी गाठणाऱ्या नगरच्या स्पोर्ट्‌स कारला पूर्ण बंपर, पूर्ण बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, काचेच्या बाजूचे खांब, छताची पुढची पट्टी, दाराखालची पट्टी आणि मागचा फुगीर भाग एवढं करून घ्यावं. अर्ध्या बॉनेटची पट्टी टाळावी. तिच्या कडेला धूळ धरते आणि वर्षभरात आडवी काळी रेघ दिसू लागते. पूर्ण गाडी मढवणं दोघांनाच शोभतं. रंग परत मिळणं अवघड आहे अशा गाडीच्या मालकाला, आणि सात-आठ वर्षं तीच गाडी ठेवणार असलेल्याला. तीन वर्षांत विकणाऱ्याला छताच्या आणि डिकीच्या फिल्मचे पैसे परत मिळत नाहीत.

यानंतर सगळं कारागिराच्या हातावर आहे, आणि इथे घाई करू नये. स्वस्त पीव्हीसी फिल्म नगरच्या चाळिशीतल्या उन्हात पिवळी पडते, पांढऱ्या गाडीवर तर लगेच कळते. म्हणून टीपीयूच हवी. रोल साधारण १.५२ मीटर रुंद असतो. त्यावरचा अनुक्रमांक आणि तुमच्या गाडीचा नंबर वॉरंटी कार्डावर एकत्र लिहून घ्या. खोली बंद आणि धूळविरहित हवी, शटर उघडं असलेल्या गाळ्यात हे काम होऊ देऊ नका. आधी गाडी धुऊन, क्लेने घासून, गरज असेल तिथे पॉलिश करून घेतात, कारण फिल्मखाली राहिलेला टवका आणि कण वर्षानुवर्षं तसाच दिसतो. मग साबणाच्या पाण्यावर फिल्म तरंगवून, ताणून, रबरी पट्टीने पाणी बाहेर काढतात. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा विचारा: फिल्म संगणकावर गाडीच्या मापाने कापणार की गाडीवर ठेवून ब्लेडने? ब्लेड एकदा खोल गेलं की क्लिअर कोट कापला जातो, आणि ते फिल्म काढेपर्यंत कळत नाही. पुढच्या भागाला एक-दोन दिवस, पूर्ण गाडीला तीन ते पाच दिवस लागतात. ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडे पूर्ण गाडी देऊ नका.

पुण्यात गाडी घेणाऱ्याने शक्यतो तिथेच फिल्म बसवून मग नगरला निघावं. पहिल्याच १२० किलोमीटरमध्ये टवका उडाला तर तो फिल्मखाली कायमचा राहील. गाडी नुकती रंगवलेली असेल तर मात्र महिनाभर थांबा, नव्या रंगातला द्रावक पूर्ण उडून जायला हवा. फिल्म बसवल्यावर सुरुवातीच्या आठवड्यात गाडी धुऊ नका. फिल्मखाली पाण्याचे छोटे फुगे दिसले तर घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत ते विरतात, आणि न विरलेले दाखवायला पुन्हा जा. इथल्या बोअरवेलचं जड पाणी फिल्मवर वाळू देऊ नका, त्याचे पांढरे डाग फिल्मलाही खातात. प्रेशर वॉशरची तोटी कडांपासून लांब धरा. विम्याच्या पॉलिसीत फिल्मचा वेगळा उल्लेख करून घ्या. नाही तर अपघातात बंपर बदलून मिळेल, त्यावरची फिल्म पदरची. रंग बदलणारी फिल्म हवी असेल तर आधी आरटीओत नोंद करावी लागते. पारदर्शक फिल्मला ती गरज नाही.

वॉरंटी ५ ते १० वर्षांची असते, पण ती पिवळेपणा, सुटणं आणि तडे यांची असते, खड्याने फाटण्याची नसते. मुदत संपत आली की फिल्म ऊब देऊन कारागिराकडूनच काढून घ्यावी. फार जुनी झालेली फिल्म ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्यांनी निघते, गोंद रंगावरच राहतो, आणि पूर्वी कधी रंगवलेला भाग असेल तर रंगही सोबत येऊ शकतो. फिल्म काढण्याचा हा खर्च बसवण्याच्या दिवशीच विचारून घ्या आणि एकूण हिशोबात धरा.